कचऱ्यात तुमचं काय असणार?

‘माझी झिप उघडत नाहीये, आपण घरी येऊ शकाल का?’ असं एका सभ्य आवाजाच्या गृहस्थांनी मला पहिल्यांदा फोनवर विचारलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. त्यांनी पुन्हा केला, मी पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नी बोलल्या. अमेरिकेहून नातवाच्या बारशाचे फोटो आलेत, सगळे एकाच फाइलमध्ये बंद आहेत आणि त्या फाइलच्या चित्रावर चेन लावलेली दिसते, असं त्यांनी सांगितलं. मग मी गेले. त्यानंतर बावीस वर्षं मी हेच करत होते. लोकांच्या घरी जायचं, त्यांनी स्वतःच्या हाताने करून ठेवलेला घोटाळा निस्तरायचा आणि ‘कॉम्प्युटरच खराब आहे हो’ हे त्यांचं मत चेहऱ्यावरची रेषही न हलवता ऐकून घ्यायचं.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि चार वर्षं बुधवार पेठेत सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरमागे उभी राहिले. तेव्हा देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि पुण्यातल्या हॉलाहॉलात टीव्हीच्या शेजारी कॉम्प्युटर येऊन बसत होता. त्याला क्रोशाचं कव्हर असायचं, काही घरांत रोज हळदीकुंकूही. वापर मात्र कोणाला येत नव्हता. बाईमाणूस दुरुस्तीला आलेली पाहून अनेकजण दारातच विचारायचे, ‘मिस्टर मागून येतायत का?’ मी म्हणायचे, ‘नाही, त्यांनाही कॉम्प्युटर येत नाही.’

या धंद्यातली झिप म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी प्रवासाला निघताना गादी, उशी, चादर, दोन साड्या आणि सासूबाईंचा फराळाचा डबा असं सगळं दाबून, गुंडाळून, पट्टे आवळून आपण वळकटी बांधायचो. झिप म्हणजे ती वळकटी. दहा फाइली दाबून एक केलेली, म्हणजे फोनच्या तारेवरून लवकर जाते. मुक्कामाला पोचल्यावर पट्टे सोडायचे, सामान बाहेर काढायचं, ज्याच्या त्याच्या जागी लावायचं. याला एक्सट्रॅक्ट करणं म्हणतात. यापलीकडे त्यात काही नाही. पट्टे आवळलेल्या वळकटीवर कोणी झोपत नाही, एवढं ज्याला समजतं त्याला झिप समजायला हरकत नसावी. पण पुण्यात समजण्यापेक्षा मत असण्याला जास्त मान.

सहकारनगरात एक निवृत्त प्राचार्य होते. नातवाचे फोटो बघायची इच्छा झाली, की ते रोज नव्याने झिप सोडायचे आणि दर वेळी नवा फोल्डर करायचे. चार महिन्यांत एकच बाळ त्यांच्या कॉम्प्युटरवर एकशे अकरा वेळा जन्मलं होतं आणि जागा संपली म्हणून मला बोलावणं आलं. मी एकशे दहा बाळं पुसली. त्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे यंत्राची स्मरणशक्ती कमी आहे.’ हिंजवडीला कामाला जाणारा एक इंजिनिअर होता. तो ज्या कंपनीत होता तिथून म्हणे परदेशातल्या बँका चालत. घरी त्याला झिपमधून एक फाइल बाहेर काढता येत नव्हती. ‘ऑफिसमध्ये हे सपोर्टवाले करतात,’ त्याने सांगितलं. त्या बँकांत माझे पैसे नाहीत, याचं मला बरं वाटलं.

हे असे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत आणि दिवाळी अंकाच्या संपादकांना तेच हवे होते. पण मला सांगायचा आहे तो किस्सा माझ्या अकलेचा आहे.

आधी माझ्या वागण्याबद्दल सांगायला हवं. मला काम येत होतं आणि मला काम येतं हे दाखवणंही मला फार चांगलं येत होतं. मी कोणाच्या कॉम्प्युटरसमोर बसले, की घरातलं कोणी ना कोणी मागे येऊन उभं राहायचं आणि ‘आता काय करताय?’ असं विचारायचं. माझं उत्तर ठरलेलं होतं. ‘सांगून कळणार आहे का?’ एवढं म्हटलं की माणूस गप्प व्हायचा आणि, खोटं कशाला सांगू, त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढायचा. डॉक्टर, भटजी आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई यांनी समजावून सांगायला सुरुवात केली की लोकांना वाटतं, यांना येत नसावं.

रामटेक्यांकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. बिबवेवाडीत एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी निर्मलाताई असे दोघंच राहत. रामटेके पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं खडकवासल्याच्या कालव्यावर पाण्याच्या नोंदी ठेवत होते. मूळचे नागपूरच्या बाजूच्या एका खेड्यातले. उंच, बारीक, घरातही इस्त्रीचा पांढरा शर्ट. बोलणं कमी आणि हळू. निर्मलाताई शाळेत शिकवायच्या. त्या बोलायच्या त्याहून कमी, पण त्या बोलल्या की ऐकावं लागायचं. मुलगी बंगळूरला नोकरीला होती. तिने वडिलांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता.

नागपूरहून त्यांच्या पुतण्याने ईमेलने एक झिप पाठवली होती, ती उघडत नव्हती. उघडली तरी मराठीच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसत होता, कारण त्या काळी मराठी वाचायला तोच फॉन्ट आपल्याकडेही बसवलेला असावा लागे. शहाण्या पुतण्याने तो झिपमध्ये घालून दिला होता. मी तो बसवला. मग झिपमधल्या मुख्य फाइलवर दोनदा टिचकी मारली आणि पडद्यावर स्वच्छ मराठी उमटलं. रामटेके वाकून पहिली ओळ बोट ठेवून वाचायला लागले. मी त्यांना बोट काचेवरून बाजूला घ्यायला सांगितलं.

ती ओळ काय होती, हे मी वाचलं नाही. निवृत्त माणूस लिहीत असतो ते आत्मचरित्र असतं आणि ते त्याच्या घरचेही वाचत नाहीत, अशी माझी समजूत होती. शेजारच्या टेबलावर हाताने लिहिलेल्या कागदांचा हा एवढा ढीग होता. मी म्हटलं, ‘आता हे कशाला जपताय? टाइप करून एकदा आत गेलं की कागद रद्दीत द्या.’ त्यांनी मान हलवली. मग उद्या हेच परत कसं उघडायचं, असं त्यांनी विचारलं. मला अर्ध्या तासात पर्वतीला पोचायचं होतं. मी झिपची खिडकी बंद केली, वर्डचा मेन्यू उघडून दाखवला आणि म्हटलं, ‘खाली नावं दिसतात ना, त्यातलं पहिलं. एवढं तरी जमेल ना?’

त्यांना जमलं. त्यानंतर सात महिने ते रोज सकाळी आंघोळ करून बसत, वर्ड उघडत, पहिलं नाव निवडत आणि दोन बोटांनी टाइप करत. उठताना न चुकता सेव्ह करत. सरकारी माणूस. सांगितलं तसं तंतोतंत करणारा.

सात महिन्यांनी त्यांचा पुन्हा फोन आला, की कॉम्प्युटर फार हळू चालतो. मी गेले. असं असलं की माझी एक ठरलेली सफाई असायची. कॉम्प्युटर काम करताना तात्पुरत्या वापराच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकत असतो, टेम्प म्हणतात त्याला. स्वयंपाक करताना ओट्यावर सालं पडतात, तसं. ती सालं साठत जातात. मी ती सगळी उचलून टाकायचे आणि मग डिफ्रॅग लावायचे, म्हणजे डिस्कवर इकडेतिकडे पसरलेलं सामान कपाट लावल्यासारखं सरकवून ओळीत लावायचं. सालं टाकल्यावर जी जागा मोकळी होते, तिथे दुसरं सामान येऊन बसतं. कॉम्प्युटर तरतरीत होतो, गिऱ्हाईक खूश.

मी टेम्पमधलं सगळं निवडलं. रामटेके मागे उभे होते. त्यांनी विचारलं, काय काढताय.

‘कचरा,’ मी म्हटलं.

‘त्यात आमचं काही नाही ना, ताई?’

‘कचऱ्यात तुमचं काय असणार?’

आणि बटण दाबलं. रिसायकल बिनही रिकामं केलं, कारण मी अर्धवट काम करत नसे. डिफ्रॅग लावला, तो दोन तास चालणार होता, संपला की बंद करा असं सांगून निघाले. जिना उतरताना मी खुशीत होते, हे मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ‘ताई, पुस्तक दिसत नाही.’

मी विचारलं, कुठे ठेवलं होतं. ते म्हणाले, ‘वर्डमध्ये.’ हे उत्तर मी हजार वेळा ऐकलेलं. वर्ड ही ठेवायची जागा नाही; पत्र कुठे ठेवलंय विचारल्यावर ‘पेनात’ म्हणण्यासारखं ते आहे. हे मी त्यांना फोनवर ऐकवलं, आणि येते म्हटलं.

गेले, वर्ड उघडलं, पहिलं नाव निवडलं. फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं. सर्च लावला, काही नाही. मग त्या नावाचा पूर्ण पत्ता वाचला. आपण ज्याला साधं नाव समजतो त्यामागे फाइलीच्या घराचा संपूर्ण पत्ता असतो, या फोल्डरच्या आत तो, त्याच्या आत तो. या पत्त्याच्या शेवटी टेम्प होतं.

एका क्षणात मला सगळं दिसलं आणि ते मला एकटीलाच दिसत होतं. झिपच्या आतल्या फाइलवर नुसती टिचकी मारली, की झिपचा प्रोग्राम वळकटी सोडत नाही. आतली एक वस्तू तात्पुरती काढून टेम्पमध्ये, सालांच्या ढिगाऱ्यावर ठेवतो आणि दाखवतो. दाखवण्यापुरतीच ती असते. ती टिचकी मी मारली होती. फाइल उघडी असतानाच झिपची खिडकी मी बंद केली, त्यामुळे ती प्रत तिथेच राहून गेली. रोज पहिलं नाव निवडा, हे मीच शिकवलं. पट्टे सोडून सामान बाहेर काढायला दोन मिनिटं लागली असती. आयुष्यभर लोकांना वळकटीचं व्याख्यान देणाऱ्या मला त्या दिवशी पर्वतीला जायची घाई होती. आणि रामटेके सात महिने माझ्या सांगण्यावरून सालांच्या ढिगावर बसून लिहीत होते.

हे मी त्या वेळी सांगायला हवं होतं. मी काय केलं ते लिहिते, कारण हा मजकूर लिहायचा हेतूच तो आहे. मी खुर्ची वळवली आणि त्यांना म्हणाले, ‘काका, तुम्ही फाइल चुकीच्या जागी ठेवली होती. ती तात्पुरत्या सामानाची जागा आहे. तिथे कोणी महत्त्वाचं ठेवतं का?’ मग फोल्डर म्हणजे काय, सेव्ह ॲज म्हणजे काय, असं मी दहा मिनिटं बोलत राहिले. शब्द सगळे बरोबर होते. रामटेके वहीत उतरवून घेत होते.

निर्मलाताई पलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, ‘ती जागा काल रिकामी कोणी केली?’

‘मी,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढची काडी हातात घेतली.

मग मी, पहिल्यांदाच, पुस्तक कशाचं होतं ते विचारलं. छप्पन साली बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वेळी त्यांच्या खेड्यातली एक्केचाळीस घरं नागपूरला गेली होती. कोणी बैलगाडीने, बरेचसे पायी. रामटेके तेव्हा बारा वर्षांचे होते, वडिलांबरोबर चालत गेले. त्या एक्केचाळीस घरांची एकेक नोंद ते करत होते. घरातून कोण गेलं, कोण मागे थांबलं, परत आल्यावर गावाने काय केलं, कोणी कोणतं काम सोडलं आणि सोडल्यावर काय खाल्लं. पहिली अकरा घरं पुतण्याने टाइप करून पाठवली होती. पुढची रामटेक्यांनी केली. निवृत्तीनंतर ते दर दोन-तीन महिन्यांनी गाडीने जाऊन म्हाताऱ्या माणसांसमोर बसायचे आणि ती सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. अडतीस घरं झाली होती.

हाताने लिहिलेले कागद कुठे आहेत, असं मी विचारलं. ‘टाइप झाले तसे रद्दीत दिले,’ ते म्हणाले. मी सांगितलं होतं, असं त्यांनी म्हटलं नाही. तशी गरजही नव्हती.

मी डिस्क काढून घरी नेली. पुसलेलं परत शोधणारे प्रोग्राम असतात. नुसतं पुसलं असतं तर बहुतेक सगळं मिळालं असतं, कारण पुसणं म्हणजे फक्त दारावरची पाटी काढणं. आतलं सामान काही काळ तसंच असतं. पण मी डिफ्रॅग लावला होता आणि त्या जागेवर दुसरं सामान सरकवलं होतं. अर्धवट काम करत नसे ना मी. चार दिवस दुसरं कुठलंही काम न घेता मी तुकडे शोधत बसले. सापडायचा तो चिन्हांचा चिवडा. त्याला तो फॉन्ट लावला की मध्येच चार ओळी मराठी व्हायच्या आणि पुन्हा चिवडा. एका तुकड्यात कोणीतरी सांगत होतं, की विहिरीवरून परत पाठवलं तेव्हा आम्ही नदीत झरा खणला आणि तेच पाणी वर्षभर. पुढे काही नाही. कोणत्या घराचं, कोण बोलतंय, काही नाही. त्या चार दिवसांत मी ते पुस्तक वाचलं, ज्याची पहिली ओळ सात महिन्यांपूर्वी एका टिचकीवर माझ्यासमोर आली होती आणि मी जिच्यावरून बोट काढायला लावलं होतं.

नऊ पानं जमली. ती छापून घेऊन गेले. रामटेके टेबलाशी बसले आणि शिसपेन्सिलीने प्रत्येक तुकड्यापुढे घराचं नाव लिहायला लागले. दोन ओळींवरून माणूस ओळखत होते. बोलण्याच्या लकबीवरून, म्हणाले. असे तुकडे लागून लागून पाच घरं बऱ्यापैकी उभी राहिली. अकरा पुतण्याच्या झिपमध्ये शाबूत होती. उरलेली बावीस गेली.

‘पुन्हा जाऊन विचारता येईल,’ मी म्हटलं.

‘बरेच जण आहेत,’ ते म्हणाले. ‘भागाबाई दिवाळीनंतर गेल्या.’

भागाबाई नागपूरला गेलेल्यांतल्या वयाने सगळ्यात मोठ्या बाई होत्या, त्यांच्या घरात आता कोणी उरलं नव्हतं. रामटेके त्यांच्यासमोर दोन दिवस बसले होते. दीक्षेला नेसायला पांढरं लुगडं घरात नव्हतं म्हणून भागाबाईंनी ते दोन धोतरं जोडून शिवलं होतं, एवढं रामटेक्यांनी मला सांगितलं.

मी टाइप करून देते म्हटलं, रोज येते म्हटलं. त्यांनी शांतपणे नको म्हणून सांगितलं. सध्या कागदावरच बरं. मग मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ‘माझंही चुकलंच, ताई. मी नको त्या जागी ठेवलं.’

त्या वेळी दार उघडं होतं, निर्मलाताई आत होत्या आणि मी ‘येते’ एवढंच म्हटलं. मी जिना उतरले. या वेळी खुशीत नव्हते.

पुढे दीड वर्ष माझा त्यांच्याशी संबंध आला नाही. बिबवेवाडीतली दुसरी कामं असली की मी लांबचा रस्ता घ्यायचे, वर स्वतःला सांगायचे की इकडे वाहतूक कमी असते. कामाची पद्धत तेवढी बदलली. काहीही पुसण्याआधी मी विचारायला लागले. हे काय आहे, हे लागतं का, हे कुठे ठेवलंय. झिप आली की ती सोडून, आतलं बाहेर काढून, कुठे ठेवलं ते गिऱ्हाइकाच्या हाताने वहीत लिहून घ्यायचे. लोकांना ते मुळीच आवडलं नाही. ‘तुम्हालाच माहीत नसेल तर आम्हाला काय विचारताय?’ असं एकाने सुनावलं. दोन-तीन जुनी घरं तुटली. मॅडम हल्ली फार विचारतात, त्यांचा पूर्वीचा हात राहिला नाही, असं तिथे बोललं गेलं. उर्मटपणाने पुसत होते तोवर मी निष्णात होते.

मग एके दिवशी रामटेक्यांचा फोन आला. अक्षरजुळणी करणाऱ्याने पुस्तकाची तयार पानं तपासायला पाठवली आहेत, ईमेलने, झिप आहे, आपण याल का. मी हो म्हटलं.

दार निर्मलाताईंनी उघडलं. मी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच सांगितलं. काका, ती फाइल तुम्ही चुकीच्या जागी ठेवली नव्हती, मी ठेवली होती. पहिल्याच दिवशी मी ती झिपमधून बाहेर काढलीच नाही. तुम्ही माझं ऐकलंत, एवढंच तुमचं चुकलं. हे सगळं मी एका दमात म्हटलं, कारण दम घेतला असता तर राहून गेलं असतं.

रामटेक्यांनी चष्मा पुसला. ‘मुलीने त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं, असं कसं होतं ते.’

‘म्हणजे मला सोडायला दारात आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?’

‘होतं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.’

दीड वर्ष. मी आयुष्यात लोकांना घालूनपाडून खूप बोलले, पण इतकं कमी बोलून इतकं लागेल असं मला कधी जमलं नाही. मी विचारलं, की मग आज दुसऱ्या कोणाला का नाही बोलावलंत, बिबवेवाडीत आता गल्लोगल्ली कॉम्प्युटरवाले आहेत.

‘त्यांची चूक अजून व्हायची असेल,’ ते म्हणाले. ‘तुमची झालीय.’

मी खुर्चीत बसले. झिप आधी डिस्कवर उतरवली. त्यांना विचारून पुस्तकाच्या नावाचा फोल्डर केला. वळकटी सोडली, एकूण एक फाइल बाहेर काढली, मोजून दाखवली, दोन सीडींवर प्रती केल्या. मग पुस्तक उघडलं आणि या वेळी वाचलं. रामटेके शेजारी बसून पानं पुढे सरकवायला सांगत होते. घरामागून घर येत होतं. बावीसपैकी एकवीस घरं त्यांनी पुन्हा जाऊन, पुन्हा बसून, हाताने लिहून आणली होती. काहींच्या जागी आता मुलं किंवा सुना बोलत होत्या आणि तसं तिथे प्रामाणिकपणे नमूद केलेलं होतं.

एका पानावर वर भागाबाईंचं नाव होतं. खाली पान कोरं.

मला वाटलं, फाइल नीट उघडली नाही. मी मागे-पुढे करून पाहिलं, पुन्हा झिपमधून काढून पाहिलं. तसंच. मी म्हटलं, काका, इथला मजकूर आला नाही बहुतेक.

‘तिथे मजकूर नाही.’

‘धोतराचं लुगडं केलं, ते तुम्हाला आठवतंय ना? तेवढं तरी लिहा.’

‘ते मला आठवतंय ते माझं झालं,’ ते म्हणाले. ‘त्यांनी दोन दिवस सांगितलं, ते त्यांच्या शब्दांत होतं. कालव्यावर एखाद्या दिवशी नोंद घ्यायची राहिली, तर रकाना कोरा ठेवायचा असतो. अंदाजाने भरला तर बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवू नये.’

मी म्हटलं, की छापखान्यातले लोक घोटाळा करतील, पान चुकून कोरं राहिलं समजून काढून टाकतील.

‘त्यांना लिहून दिलंय,’ रामटेके म्हणाले. ‘चूक आहे, पण छपाईची नाही.’

मी फाइल सेव्ह केली. कुठे केली ते त्यांना दाखवलं. त्यांनी वहीत पत्ता लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि तो बरोबर आहे असं मी म्हटल्यावरच मला कॉम्प्युटर बंद करू दिला.